शेरा निम्मा खरा आहे, तिथूनच सुरुवात करा

प्रश्न: मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो. सात वर्षांपासून नोकरी सांभाळून ईबेवर जुनी एचएमटी घड्याळं लिलावात विकतो, बहुतेक परदेशात. गेल्या वर्षभरात 142 पॉझिटिव्ह फीडबॅक मिळाले, निगेटिव्ह एकही नव्हता. गेल्या महिन्यात जर्मनीतल्या एका ग्राहकाला एचएमटी 'जनता' 42 डॉलरला गेलं. 12 दिवसांपूर्वी त्याने निगेटिव्ह दिला: 'डायल नव्याने रंगवलेली आहे, ओरिजिनल नाही. दोन दिवसांत बंद पडलं. फसवणूक.' लिस्टिंगमध्ये मी 'ओरिजिनल विंटेज, सर्व्हिस केलेलं' असं लिहिलं होतं. डायल मी रंगवलेली नाही, घड्याळ आणलं तेव्हा ती तशीच होती. त्याला तीन मेसेज पाठवले, जरा रागातच. उत्तर नाही. हा शेरा काढून टाकता येईल का? मी त्याला उलट निगेटिव्ह देऊ शकतो का? मेहुणा म्हणतो, ओळखीच्या चार-पाच जणांना बोली लावायला सांग आणि पॉझिटिव्ह घे. सध्या माझी सहा घड्याळं लिलावात आहेत. झोप लागत नाही.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: सात वर्षं सांभाळलेल्या नावावर लाल ठिपका लागला की जिवाला लागतंच. पण झोप उडावी इतकं नुकसान झालेलं नाही, ते आधी हिशेबाने पाहू. पॉझिटिव्ह फीडबॅकची टक्केवारी गेल्या 12 महिन्यांतल्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह शेऱ्यांवरून निघते, न्यूट्रल त्यात धरत नाहीत. तुमचे 142 पॉझिटिव्ह आणि 1 निगेटिव्ह म्हणजे 99.3 टक्के. वर्ष उलटलं की हा शेरा टक्केवारीतून आपोआप बाहेर पडेल. बाकी काहीच केलं नाहीत आणि आणखी 57 ग्राहक समाधानाने शेरा देऊन गेले, तरी तुम्ही 99.5 वर याल. तेव्हा आकड्याची चिंता सोडा. चिंता त्या शेऱ्यातल्या शब्दांची करा, कारण पुढचा गिऱ्हाईक टक्केवारीवरून नजर फिरवतो आणि लाल शेरा मात्र उघडून वाचतो.

त्या शेऱ्यात तीन गोष्टी आहेत. डायल रंगवलेली आहे, घड्याळ दोन दिवसांत बंद पडलं, आणि फसवणूक झाली. या तिन्ही सुट्या करून बघा.

डायलबाबत तो ग्राहक बरोबर असावा. लिस्टिंगचे फोटो मोठे करून, किंवा त्याच खेपेतलं दुसरं 'जनता' हातात घेऊन, 10 पट भिंगाखाली पाहा. ज्या डायलवर देवनागरीत 'जनता' छापलंय तिथे ओळख पटायला वेळ लागत नाही. कारखान्यातल्या छपाईत शिरोरेषा एका जाडीची आणि कडेला धारदार असते, 'ज'ची दांडी शिरोरेषेला नेमकी टेकते. रंगवलेल्या डायलवर शिरोरेषा मध्येच फुगते, टोकाला शाई पसरते, 'त'ची दांडी आणि पुढचा काना एकमेकांना चिकटू पाहतात. मग मिनिटांच्या रेघा बघा. 12, 3, 6 आणि 9 या चार ठिकाणी मिनिटाची रेघ तासाच्या खुणेच्या बरोबर मधोमध यायला हवी. रंगवलेल्या डायलवर ती बहुधा केसभर सरकलेली असते. तिसरी खूण रंगाची. पन्नासेक वर्षांच्या पांढऱ्या डायलवर कडेने साय धरल्यासारखा पिवळेपणा येतो. डायल कोरी करकरीत आणि काटे मात्र डागाळलेले, असं दिसलं की समजा डायल नवीन आहे. आणि भडक निळा, केशरी, हिरवा रंग दिसला तर भिंग काढायचीही गरज नाही.

परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ऐकायला वाईट वाटतं, पण हा शब्द आपल्याच बाजारातून गेलेल्या मालामुळे रूढ झाला. चोर बाजारातून किंवा घाऊकवाल्याकडून पुडक्याने येणाऱ्या घड्याळांमध्ये एकाचं मशीन, दुसऱ्याची केस आणि रंगवलेली डायल अशी जुळवाजुळव सर्रास असते. म्हणून 'मी रंगवली नाही' हे तुमचं म्हणणं खरं असलं तरी उपयोगाचं नाही. ग्राहकाने वाचलेला शब्द 'ओरिजिनल' होता आणि तो शब्द तुम्ही लिहिला होता. रंगवलेली डायल विकण्यात काहीच गैर नाही, कित्येकांना तीच आवडते. ती न सांगता विकणं गैर.

आता बंद पडण्याचं. इथे मात्र तुमची बाजू असू शकते. 'जनता' चावीचं घड्याळ आहे. 17 ज्वेल्सचं (म्हणजे झीज टाळणाऱ्या 17 खड्यांचं) ते मशीन पूर्ण चावी दिल्यावर दीड ते दोन दिवस चालतं आणि मग थांबतं. 'दोन दिवसांत बंद पडलं' हे वाक्य वाचताना पहिली शंका हीच यायला हवी की त्याला रोज चावी द्यायची हे कुणी सांगितलं का? ज्याने आजवर सेलवर चालणारी घड्याळं वापरली, त्याला घड्याळ थांबलं म्हणजे बिघडलं असंच वाटणार. तुमच्या लिस्टिंगमध्ये किंवा पार्सलमध्ये 'रोज सकाळी एकदा, चावी घट्ट लागेपर्यंत फिरवा, पुढे जोर लावू नका' ही एक ओळ होती का? नसेल तर आजपासून छापील चिठ्ठी घालायला लागा.

अर्थात दुसरी कारणंही असतात. 'सर्व्हिस केलेलं' म्हणजे नेमकं काय केलं, हे तुमच्या कारागिराला विचारा. पूर्ण मशीन खोलून, धुऊन, तेल देऊन जोडलं असेल तर ती सर्व्हिस. मागचं झाकण उघडून वरून दोन थेंब सोडले असतील तर जुनं सुकलेलं तेल नव्या तेलात कालवून चिखल होतो, घड्याळ आठवडाभर छान चालतं आणि मग आचके देतं. पोस्टात आपटून बॅलन्सचा (झुलणाऱ्या चाकाचा) स्टाफ, म्हणजे आस, मोडला असेल तर घड्याळ हलवलं की दोन टिकटिक करून थांबतं. चुंबकाजवळ गेलं असेल तर ते बंद पडण्याऐवजी बहुधा वेगाने पळायला लागतं. ग्राहकाने एवढंच सांगितलं की 'चावी दिल्यावर चालतं की चालत नाही', तरी अर्धं निदान होतं. पण हा प्रश्न आधी विचारायचा नाही, का ते पुढे येतंच.

'फसवणूक' हा शब्द राहिला. तो झोंबतो हे कळतं. त्याला उत्तर द्यायला जाऊ नका. पहिल्या दोन गोष्टी नीट निस्तरल्या की तो शब्द वाचणाऱ्याला आपोआप जास्तीचा वाटतो.

शेरा ईबेकडून काढून घेता येईल का, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बाबतीत 'नाही' असं आहे. शेऱ्यात शिवीगाळ असेल, कुणाचा पत्ता-फोन किंवा लिंक असेल, बोली जिंकून पैसेच न भरलेल्याने शेरा दिला असेल, 'अमुक जास्तीचं दे नाहीतर निगेटिव्ह देतो' अशी धमकी मेसेजमध्ये लेखी असेल, तर तक्रार केल्यावर तो निघू शकतो. तुमच्या ग्राहकाने यातलं काहीच केलेलं नाही. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही हे त्याचं मत आहे, आणि खरंखोटं ठरवायला तिथे कुणी बसत नाही. त्या अर्जात वेळ घालवू नका. उलट निगेटिव्हही देता येणार नाही. 2008 पासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी फक्त पॉझिटिव्ह शेरा देता येतो. आणि पॉझिटिव्हच्या चौकटीत टोमणा मारून ठेवायचा मोह होत असेल तर तो आवरा. तेही नियमाविरुद्ध आहे आणि वाचणाऱ्याला तुम्हीच भांडकुदळ वाटता.

मेहुण्यांचा सल्ला प्रेमापोटी आला असेल, पण तो बिलकूल ऐकू नका. ओळखीच्यांकडून बोली लावून घेणं म्हणजे शिल बिडिंग, खोटी बोली. एकाच वायफायवरून लॉगिन, डोंबिवली-कळव्याचे पत्ते, सात वर्षं बहुतेक परदेशात विकणाऱ्याची एकाच आठवड्यात पाच देशी विक्री, हे पकडायला माणूसही लागत नाही. खातं बंद झालं तर 142 शेरे एका दिवसात जातील. शिवाय आपल्याकडच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसारही विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून आपल्या मालावर शेरे लिहायला मनाई आहे.

आता करायचं काय. निगेटिव्हमध्ये बदल करून घेण्याचा एकच सरळ रस्ता आहे, फीडबॅक रिव्हिजनची विनंती. ती शेरा मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत पाठवावी लागते. तुमचे 12 गेले, 18 उरले. एका शेऱ्यासाठी विनंती एकदाच करता येते आणि खरेदीदाराला उत्तर द्यायला 10 दिवस मिळतात. वर्षाला दर 1000 फीडबॅकमागे अशा 5 विनंत्याच मिळतात, म्हणजे ही गोळी सारखी झाडता येत नाही. बहुतेक विक्रेते शेरा दिसल्या दिसल्या रागाच्या भरात विनंती पाठवतात, समोरचा तितक्याच रागात ती नाकारतो आणि रस्ता बंद होतो. तुम्ही अजून पाठवली नाहीत, हे फार बरं झालं. आधी प्रश्न सोडवायचा, विनंती सगळ्यात शेवटी.

आज रात्रीच एक मेसेज लिहा. आधीचे तीन मेसेज त्याने वाचलेत असं धरून चाला, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करा. इंग्रजी वाक्यं छोटी ठेवा, कारण तो ती भाषांतर करून वाचत असेल. आशय असा:

'आधीच्या मेसेजमधल्या भाषेबद्दल माफ करा. तुमचं म्हणणं मी तपासलं. डायल नंतर रंगवलेली आहे, ते मी लिस्टिंगमध्ये लिहायला हवं होतं. चूक माझी आहे. तुमचे पूर्ण पैसे आज परत करतोय. घड्याळ परत पाठवायची गरज नाही. एक विचारायचं होतं: हे रोज चावी द्यायचं घड्याळ आहे. चावी दिल्यावर ते चालतं का? नसेल चालत तर मला कळवा, मला कारागिराकडून समजून घ्यायचंय.'

यात फीडबॅकचा 'फ'सुद्धा नाही हे लक्षात घ्या. 'शेरा बदला, मग पैसे देतो' असं लिहिलंत, तर ते फीडबॅक मॅनिप्युलेशन ठरतं आणि तक्रार झाली तर तुमच्यावरच शेकतं. चावीचा प्रश्नही पैसे परत केल्याचं सांगितल्यावर, शेवटी आणि खरोखर माहिती म्हणून येतो. तोच पहिल्या ओळीत आला असता तर 'तुला घड्याळ वापरता येत नाही' असा अर्थ लागला असता.

पूर्ण पैसे आणि घड्याळही सोडून द्यायचं, हे वाचून तुम्ही थबकाल. गणित करा. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर परतीचा खर्च विक्रेत्याच्या माथी येतो. जर्मनीहून ट्रॅकिंगसह पार्सल परत मागवायचं तर 42 डॉलरमधला मोठा हिस्सा तिथेच जातो. वर निर्यातीचे कागद, म्हणजे पोस्टात दिलेलं पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, हाताशी नसेल तर परत आलेलं घड्याळ कस्टममध्ये नवी आयात समजलं जाऊ शकतं. एवढं करून हातात काय येणार, रंगवलेल्या डायलचं एक 'जनता'. साडेतीन हजारांच्या वर रक्कम जातेय हे खरं, ती लागते. पण घड्याळ 300 डॉलरचं असतं तर सल्ला वेगळा असता: तिथे परत मागवायचं, पोहोचल्यावर तपासायचं, मग पैसे द्यायचे. रिफंड मात्र ऑर्डरच्या पानावरूनच करा, बाहेरून पैसे पाठवू नका. नोंद राहिली नाही तर उद्या त्याने रिटर्न केस उघडली की दुसऱ्यांदा द्यावे लागतील. तशी केस त्याने आजच उघडली तर 3 कामाच्या दिवसांत उत्तर द्या. ती मुदत चुकवून केस तुमच्याविरुद्ध बंद झाली तर त्याचा डाग निगेटिव्ह शेऱ्यापेक्षा जड असतो. तो सेलर लेव्हलच्या, म्हणजे ईबे विक्रेत्याला देतं त्या दर्जाच्या, हिशेबात धरला जातो.

रिफंडनंतर पाच-सहा दिवस थांबा. पैसे त्याच्या खात्यात दिसू देत. तो उत्तर देवो न देवो, शेरा मिळाल्यापासून साधारण विसाव्या दिवशी रिव्हिजनची विनंती पाठवा, सोबत एवढंच: 'पैसे मिळाले असतील अशी आशा आहे. योग्य वाटलं तर शेऱ्याचा पुन्हा विचार करावा.' आठवण करून देणारा दुसरा मेसेज नको. आणि हे सगळं संपेपर्यंत त्याला ब्लॉकही करू नका.

त्याने नाही बदललं तर? कित्येकदा लोक बदलत नाहीत, राग म्हणून नव्हे, विसरतात म्हणून. तेव्हा शेऱ्याखाली तुमचं जाहीर उत्तर द्या. ते एकदा टाकलं की बदलता येत नाही, म्हणून आधी कागदावर लिहा, रात्रभर ठेवा, सकाळी घरातल्या कुणालातरी वाचून दाखवा. असं चालेल: 'डायल रंगवलेली होती, ते लिस्टिंगमध्ये नमूद करायचं राहिलं. पूर्ण पैसे परत केले. आता प्रत्येक घड्याळाच्या डायलची स्थिती स्वतंत्र लिहितो.' हे उत्तर त्या जर्मन ग्राहकासाठी नाहीच. पुढच्या महिन्यात तुमच्या घड्याळावर बोली लावायची की नाही या विचारात बसलेल्या माणसासाठी आहे. त्याला चूक झाल्याचं दिसतं, पैसे परत गेल्याचं दिसतं, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय केलं तेही दिसतं. याच जागी 'खोटारडा ग्राहक, सावध राहा' असं वाचलं असतं तर तो पुढच्या विक्रेत्याकडे गेला असता.

आता लिस्टिंग. 'ओरिजिनल' हा शब्द संपूर्ण घड्याळाला लावणं बंद करा. डायल, काटे, केस, मशीन, चावी, काच आणि पट्टा, प्रत्येकाची वेगळी ओळ लिहा: डायल रंगवलेली, काटे जुने पण याच मॉडेलचे की नाही खात्री नाही, काच नवीन ॲक्रिलिकची, पट्टा नवीन. खात्री नाही तिथे तसंच लिहा. संग्राहक यामुळे पळत नाहीत, उलट नेमकं तेच शोधत असतात. फोटोंमध्ये डायलचा एक भिंगातून, एक तिरप्या उजेडात, आणि झाकण उघडून मशीनचा एक हवाच. टाइमग्राफर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) असेल तर डायलची बाजू वर ठेवून घेतलेल्या रीडिंगचा फोटो लावा. हे मशीन तासाला 18000 ठोक्यांचं. ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, 200 अंशांच्या खाली असेल तर 'सर्व्हिस केलेलं' लिहू नका, आधी कारागिराकडे परत न्या. 'दिवसाला मिनिटभर मागेपुढे होऊ शकतं' हेही लिहून टाका, म्हणजे कुणी मोबाइलशी ताडून तक्रार करणार नाही. आणि जुन्या घड्याळाला 'वॉटरप्रूफ' कधीच म्हणू नका, झाकणावर तसं कोरलेलं असलं तरी.

ठाण्याच्या पावसाचंही एक सांगायला हवं. जून ते सप्टेंबरमध्ये उघड्या खिडकीशी बसून घड्याळाचं झाकण बंद केलंत तर आतली दमट हवा आतच कोंडली जाते. इथे काही दिसत नाही. युरोपातल्या थंडीत पोहोचल्यावर तोच ओलावा काचेच्या आतून धुकं धरतो आणि ग्राहकाला वाटतं पाणी शिरलेलं घड्याळ पाठवलं. एसी तासभर चालवून खोली कोरडी झाली की मगच झाकण लावा, आणि डबीत सिलिका जेलची एक पुडी टाका. पॅकिंगला घड्याळ फोमच्या गुंडाळीवर पट्ट्याने बांधा, चावी आत ढकललेली असू द्या, आणि बाहेरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सगळ्या बाजूंनी दोन बोटं तरी भरणा हवा. फोमच्या पाकिटात घालून पाठवलेलं घड्याळ आपटतंच.

पाठवणीचे दिवस 3 दाखवत असाल तर तिसऱ्या दिवशी पोस्टात पहिला स्कॅन पडलाच पाहिजे. खिडकीवर पावती मिळाली म्हणजे स्कॅन झाला असं नाही, संध्याकाळी ट्रॅकिंग उघडून खात्री करा. वेळेत स्कॅन झालेलं असेल आणि पुढे उशीर वाहतुकीत झाला असेल, तर त्या उशिराच्या शेऱ्याविरुद्ध तुम्हाला दाद मागता येते. बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्टात कस्टमसाठी पार्सल काही दिवस थांबतं, तेव्हा ट्रॅकिंग हलत नाही. हे ग्राहकाला आधीच एका ओळीत सांगून ठेवलंत तर पहिला चिडका मेसेजच येणार नाही. गणपतीला पाच दिवस गावी जाणार असाल तर टाइम अवे, म्हणजे ईबेवरची सुट्टीची सोय, लावून जा. आणि अमेरिकेत विकताना लक्षात ठेवा की 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून गेली आहे. शुल्क कोण भरणार हे लिस्टिंगमध्ये ठळक नसेल तर त्याचा राग विक्रेत्याच्याच फीडबॅकवर निघतो.

राहिली ती लिलावात असलेली सहा घड्याळं. मेसेज पाठवून झाला की आज रात्रीच ती सहाही बाहेर काढा आणि भिंगाखाली घ्या. ज्यांवर अजून बोली लागलेली नाही त्यांचं वर्णन सरळ दुरुस्त करा. बोली लागलेली असेल तर मूळ मजकूर बदलता येत नाही, पण खाली पुरवणी जोडता येते: 'डायल रंगवलेली आहे' इतकीच. शिवाय ज्यांनी बोली लावली आहे त्यांनी ती मागे घ्यायची विनंती केली तर विनातक्रार रद्द करून द्या. लिलाव संपायला कमी तास उरलेलं घड्याळ आधी हातात घ्या.